हक्क सोडायची साडी

आबा, तुम्ही गेल्यापासून तुमच्या जमिनीवर दोघांची नावं आहेत, धाकट्याचं आणि माझं. आई तुमच्या आधीच गेली, त्यामुळे वारस आम्ही दोघंच. इतकी वर्षं माझं नाव तिथं निमूट बसून होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता धाकट्याला सगळं स्वतःच्या पोरांच्या नावावर करायचंय. म्हणून गेल्या महिन्यात तो सात रस्त्याजवळच्या माझ्या घरी आला. हातात साडी. दिवाळी नाही, राखी नाही, आणि भाऊ साडी घेऊन दारात उभा राहिला की बहिणीनं ओळखावं, हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार आहे.

"आक्का, सही तेवढी कर. बाकी तुजंच हाय की समदं."

"माझंच आहे तर राहू दे की माझ्या नावावर."

"हे बग, पेपरात लिवतीस तसं घरात बोलू नगं," म्हणाला, आणि चहा अर्धा ठेवून उठला.

तो गेल्यावर मी धरणाकाठ आठवत बसले. उन्हाळ्यात पाणी मागं सरकायचं आणि त्याच्या मागोमाग तुमची मोटार. तुम्ही खांद्यावर पाइप घेऊन पुढं, मी वायरीचं वेटोळं सांभाळत मागं, घोट्यापर्यंत गाळ. धाकटा केळीच्या सावलीत, कारण त्याला सर्दी व्हायची; जून उजाडेपर्यंत व्हायची. मी विचारते, "आबा, ही उघडी पडलेली जमीन कुणाची?" तुम्ही म्हणता, "धरणाची. आपल्याला उन्हाळ्यापुरती उसनी." "आन वरची?" "वरची आपली." त्यात मी स्वतःला धरून टाकलं. कुणी हटकलं नाही.

मग हक्क सोडायची पाळी आत्यावर आली. तिची सही तुम्हीच घेतलीत. त्या दिवशी सकाळी निघण्याआधी तिनं फळीवरचा डबा स्वतः काढून भाकरीवर शेंगाची चटणी घेतली होती. दुपारी कचेरीतून परत येता, पुरणपोळ्या झालेल्या आहेत, आत्याच्या मांडीवर नवी साडी. ती त्याच फळीकडं हात करते आणि आई म्हणते, "बसा वन्सं, तुमी कशाला उठताय? मी देते की." इतक्या मायेनं बाईला पाहुणी करून टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं हात मागं घेतला. तुम्ही पोळीवर तूप घेत होता.

तुमच्यावर धड रागावताही येत नाही. तिला परत जायचं होतं तेव्हा तुम्ही मोडनिंबच्या फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडलंत. मी पुढं टाकीवर. एसटीच्या खिडकीतून तिला केळीचा घड दिलात, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तिथंच उभे. "चला की आबा." "थांब गं जरा. लई एकटी पडली ती." कुणी पाडलं, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. पुढं आली, तर तुम्ही नव्हता.

धाकट्याची साडी मी परत पाठवली. दुसऱ्याच दिवशी भावजयीचा फोन. "वन्सं, देवानं तुमाला काय कमी केलंय?"

"काहीच नाही. म्हणून तुमचं मागत नाही, माझं तेवढं ठेवतेय."

तेव्हापासून फोन बंद. मैत्रिणी हळहळतात, माहेर तुटलं म्हणतात. एका सहीवर टिकणारं माहेर! मी त्यांना ठणकावून सांगते, बायांनो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. त्याही मान हलवतात; तत्त्व म्हटलं की बाई हावरी ठरत नाही ना.

तुम्ही असता तर तुमच्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नसती. तुमच्यापर्यंत टपाल जात नाही, म्हणूनच लिहितेय. तत्त्वबित्त्व काही नाही, आबा. मला ती जमीन हवी आहे.