बुजवलेली चार भोकं

वस्ताद,

तुम्ही बांधलेलं इंजिन माझ्या नातीनं गेल्या आठवड्यात उघडलं. मधल्या चाळीसेक वर्षांत एकदोनदा वरचं हेड निघालं होतं, पण सगळं इंजिन ट्रकातून खाली उतरवून, डिझेलनं अंगभर धुऊन कुणी बघितलं नव्हतं. ते तिनं केलं. जतकडच्या आमच्या वस्तीवर, लिंबाखाली, गोणपाटावर ते पडलंय आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलोय. धुतल्यावर ते इतकं लहान दिसतं, की ह्याच्या जिवावर आपण सांगलीचा गूळ साताऱ्याच्या पुढं नेत होतो हे खरं वाटत नाही. माणूस म्हातारा झाल्यावर अंघोळ घालताना दिसतो ना, तसं काहीसं.

नातीबद्दल तुम्हाला सांगायला हवं. तिनं सांगलीत डिझेल मेकॅनिकचं शिक्षण घेतलंय आणि जतच्या रस्त्याला तिचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. पहिल्यांदा लोक यायचे ते मिस्त्री कुठाय म्हणून विचारत, आणि ती हातातला पाना स्वतःकडं रोखायची. आता कुणी विचारत नाही. आपली गाडी मी कधी विकली नाही, वस्ताद. आता तिच्या पाठीवर पाण्याची टाकी आहे. खालच्या विहिरीवरनं भरून वरच्या माळावर, भावकीच्या मेंढरांना पाणी न्यायचं, एवढंच तिचं काम. अंतर फार नाही, पण चढ असा, की भरलेली टाकी घेऊन गाडी पहिल्या गिअरात कण्हत जाते आणि माथ्यावर रेडिएटर उकळतो. म्हणून नातीच्या डोक्यात आलं, की ह्याला सुपरचार्जर बसवायचा. पुण्याहून खोकंसुद्धा आलं. खोक्यातला तो पंखा बघून मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"आबा, ह्यो पट्ट्यावर फिरतो आन इंजिनात जादा हवा कोंबतो," ती मला समजावत होती. "जादा हवा, मग जादा डिझेल, मग जादा ताकद. सोपंय."

"आमचे वस्ताद नको म्हणायचे," एवढंच मी बोललो.

तिनं तुम्हाला बघितलेलं नाही, पण तुमच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. तुमच्यासारखा हातोडीचा लाकडी दांडा इंजिनाला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून ऐकायची सवय तिनं माझ्या सांगण्यावरनं उचलली. तिचं मशीनवरचं निदान आधी होतं, दांडा नंतर, पण लावते.

मिरज रस्त्यावरचं तुमचं गॅरेज मला आजही वासासकट आठवतं. इंजिन नवं बांधलं, की तुमचा एक नेम होता. गाडी लगेच मालकाच्या हवाली करायची नाही. पहिली खेप रिकामी, सांगलीहून कराडपर्यंत, आणि शेजारी तुम्ही स्वतः. नव्या रिंगा सिलिंडरशी जुळेपर्यंत वेग एकसारखा पाहिजे, पाय कमीजास्त झाला की बिघडलं. बाकीच्या ड्रायव्हरांना तुम्ही नुसतं दटावत बसायचा. मला मात्र कविता म्हणायला लावायचा. मी औंधला मॅट्रिकपर्यंत शिकलो, तिथल्या गुरुजींनी पाठ करून घेतलेलं सगळं माझ्या तोंडात होतं, आणि तुम्हाला स्वतःची सही सोडली तर एक अक्षर लिहिता येत नव्हतं. तुम्ही डोळे मिटून बसलाय, दांडा पायाशी टेकवलाय, आणि मी ती नदीवरची लांब ओळींची कविता म्हणतोय. मला आवेश चढतो, ओळी पळायला लागतात. डोळे न उघडता तुम्ही म्हणता, "कविता धावली, की पाय धावला. सावकाश. नदी कुठं पळून चाललीया?"

एवढं सुख मला पुढं कुठं मिळालं नाही. पण तरण्या वयात सुखाला सुख म्हणायची अक्कल नसते. गाडीअड्ड्यावर सगळे मला मास्तर म्हणायचे, आणि त्यात मान थोडा, टिंगल जास्त. खंबाटकीच्या चढाला मागनं गाड्या यायच्या, हॉर्न द्यायच्या, बाजूनं जाताना क्लीनर दारातनं ओरडायचा, "काय मास्तर, आज कुठली कविता? लय लांबलचक दिसतीया!" एकदा तर एकानं घाटमाथ्यावर गाडी लावून, चहा पिऊन, माझ्यासाठी दुसरा कप सांगून ठेवला. तो गार झालेला चहा मी प्यायलो, आणि तेव्हाच मनात काहीतरी आंबलं. पुढच्या खेपेला भंगार बाजारात परदेशी यंत्रावरनं उतरवलेला सुपरचार्जर दिसला. तो पोत्यात घालून मी तुमच्याकडं आणला.

तुम्ही तो उचलून फिरवून बघितलात आणि खाली ठेवलात. "ह्यो चालतो कशावर?"

"पट्ट्यावर."

"पट्टा कुणाचा? इंजिनाचाच न्हवं? म्हंजी द्यायच्या आधी ह्यो घेतो. बरं, त्यानं हवा कोंबली, तू डिझेल वाढीवलंस. आग वाढली. पण पिस्टन त्योच, रिंगा त्याच, गॅस्केट त्योच, पाणी बी तेवढंच. कंपनीनं ह्याची हाडं जेवढ्या कामाची केल्यात तेवढंच त्यानं करावं. तालमीत पोरगं आलं, म्हयन्यात पैलवान पायजे म्हणून दिवसाला चार शेर दूध घशात वतलं, तर पोट फुटतं गड्या, मांडी न्हाई भरत."

"पण वस्ताद, नुसत्या घाटापुरतं..."

"घाटातच मरंल त्ये. सपाटीला कोण मरतं?"

त्यावर मी जे बोललो ते कालपरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, तुम्हाला जमत नाही म्हणून तुम्ही नको म्हणता. तुम्ही रागावला नाहीत. हात पुसलेत आणि दुसऱ्या गाडीखाली गेलात. मी पोतं उचललं आणि फलटणकडच्या एका मिस्त्रीला गाठलं. त्यानं दोन दिवसांत ब्लॉकच्या डाव्या अंगाला चार भोकं पाडली, आटे काढले, ब्रॅकेट बसवला, पंखा लावला, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. तीन आठवडे गाडी पळाली. चौथ्या आठवड्यात, गूळ भरलेला असताना, खंबाटकीच्या अर्ध्या चढावर आधी धूर काळा झाला, मग पांढरा, मग एक दणका बसला, आणि गाडी थांबली. ब्रेक लागले म्हणून मी आणि क्लीनर वाचलो.

आणि तिथं, रस्त्याकडेला, मी काय केलं? गाडी ओढून सांगलीला न्यायच्या आधी तो पंखा सोडवला, ओळखीच्या ट्रकवर टाकून फलटणच्या मिस्त्रीकडं परत पाठवला, आणि उघड्या पडलेल्या चार भोकांवर ग्रीस आणि माती लेपली. पंपाचा स्क्रूही होता तिथं आणून ठेवला. मग तुमच्या दारात इंजिन आणून टाकलं, अंगणात मेलेलं जनावर आणून टाकावं तसं.

तुम्ही हेड काढलंत. दोन पिस्टनचे माथे मेणासारखे खाली आले होते, गॅस्केट जळालेला, एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. तुम्ही उकिडवे बसून पिस्टनच्या माथ्यावरनं अंगठा फिरवलात. मग मला विचारलंत, "ह्यो जळाला न्हाई, वितळलाय. कुठली हवा खाल्ली ह्यानं?"

"मला काय म्हाईत, वस्ताद."

झालं. पुन्हा विचारलं नाहीत. इंजिन परत बांधलंत, रंगवून माझ्या हवाली केलंत. पण अड्ड्यावर तोंडं गप्प बसतात होय? इंजिन दोनच महिन्यांपूर्वी तुमच्या हातनं बांधून गेलेलं, हे सगळ्यांना ठाऊक. चहाच्या गाड्यावर एकानं सगळ्यांदेखत टाकलंच, "काय वस्ताद, मास्तराचा घात केला की तुमी! दोन म्हयनं बी टिकलं न्हाई व्हय?" मी तिथंच होतो, हातात ग्लास घेऊन. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "रिंगांची फट कमी ऱ्हायली. माझा हात चुकला." त्या वाक्यानं, वस्ताद, तुमच्या दारातल्या गाड्या एकेक करून दुसऱ्या गॅरेजला गेल्या. दोन गाड्या कायम उभ्या असत तिथं पुढं पुढं कोंबड्या हिंडायच्या. मी येत राहिलो, आणि मी येत राहतो म्हणजे माझी निष्ठा मोठी, असं लोक म्हणायचे. तेही मी ऐकून घेतलं. तुम्हाला काही कळलेलं नाही, असं मी मानून चाललो. तसं मानणं सोयीचं होतं. तुम्ही गेलात तेव्हा खांदा दिला, तोही तसंच मानून.

आता गेल्या आठवड्यातलं ऐका. नातीनं ब्लॉक धुतला, जुना रंग खरवडला आणि हाक मारली. "आबा, हितं बघा की. चार भोकं पाडून कुणीतरी बुजवलीत. काय काम हाय राव! आट्यात बोल्ट पिळून, वरनं कानशीनं घासून एकजीव केलंय. नख फिरवलं तरी लागत न्हाई."

मी वाकून बघितलं. कानशीचं ते काम मी कुठंही ओळखीन. म्हणजे माझी माती तुम्ही धुतली होती. भोकं बघितली होती. कशाची ते न कळायला तुम्ही काय नवखे होता? आणि ती बुजवून, रंगवून मगच तुम्ही त्या चहाच्या गाड्यावर आला होता.

"कुणी केलं हे, आबा?" तिनं विचारलं.

आणि मी म्हणालो, "वस्तादांनी."

खोटं नव्हतं ते. पण तिनं भोकांमधलं अंतर मोजलं, खोक्यातला ब्रॅकेट आणून वर धरला, आणि तिचा चेहरा असा उजळला! "म्हंजी वस्तादांनी सोता सुपरचार्जर बसवला हुता ह्याला! आन तुमी मला सांगता ते नको म्हणायचे? लबाड हाय तुमी आबा. वस्तादांच्या हातचं इंजिन सोसतंय म्हंजी मला काय भ्याच न्हाई. शुक्रवारी बसवते."

मी गप्प बसलो. ह्या वयातही, वस्ताद. चार दिवस गप्प बसलो. तिनं पट्टा आणला, पाइप कापले, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून हसायची, जणू तुमचं गुपित तिनं पकडलंय. आणि मला दिसत होती ती भरलेली टाकी, तो माळाचा चढ, आणि स्टेअरिंगवर ती. ह्या गाडीचे ब्रेक आता खंबाटकीतल्यासारखे राहिलेले नाहीत. एकदा माझी करणी तुमच्या नावावर गेली ती तुम्ही पाठीवर घेतलीत. ह्या वेळी ती पाठीवर घ्यायला तुम्ही नाही, आणि चढावर ती असणार आहे.

शुक्रवारी सकाळी ती ब्रॅकेट हातात घेऊन वाकली, तेव्हा मी म्हणालो, "थांब. ती भोकं वस्तादांनी फकस्त बुजवली. पाडली मी." मग सगळं सांगितलं, चहाच्या गाड्यापर्यंत.

तिनं पाना खाली ठेवला. "आन वस्ताद सगळ्यांना म्हणाले, माझा हात चुकला?"

"व्हय."

"आन तुमी तिथं हुता?"

"व्हय."

"लय वंगाळ वागलाय तुमी, आबा."

"व्हय गं."

ती ब्लॉकवरनं बोट फिरवत राहिली. मी म्हणालो, आता हे सांगायचं तरी कुणाला, त्या अड्ड्यातलं ऐकायला राहिलंय कोण? तर म्हणाली, "मी हाय की. माझ्या गॅरेजला येणाऱ्या परतेकाला सांगीन. तुमच्या नावानिशी सांगीन." मी मान हलवली. मग ती उठली. "टाकी अर्धीच भरायची. दोन खेपा मारीन. ह्या इंजिनाला न्हाई लावत." नवा रेडिएटर, नवे पिस्टन, सगळं पायापासनं करून दुसऱ्या एखाद्या इंजिनावर ती तो पंखा कधीतरी लावेलच, मला ठाऊक आहे. तुम्हीही त्याला ना म्हणाला नसता.

हे पत्र टाकायचं कुठं? गॅरेजच्या जागी आता फरशीचं दुकान आहे, आणि तुमच्या घरच्यांपैकी सांगलीत कुणी उरलेलं नाही. उरलं असतं तरी टाकलं असतं का, सांगवत नाही. कारण तिला सगळं सांगितलं असं वर लिहिलं, ते पुरतं खरं नाही. ते तीन आठवडे गाडी नुसती पळाली नव्हती. चढ लागला, की त्या पंख्यातनं एक बारीक शीळ निघायची, ती वर वर चढत जायची, आणि घाट असा पायाखाली यायचा, की माझ्या अंगावर काटा यायचा. दोन पिस्टन वितळले, तुमचं नाव गेलं, तरी ती शीळ मला अजून हवीहवीशी वाटते, वस्ताद. नात पंखा परत खोक्यात घालत होती, तेव्हा तोंडाशी आलं होतं, एकदा नुसता हातानं फिरव की गं, आवाज ऐकू दे. बोललो नाही.