डबक्यातली मरळ

१८ जुलै १९७४, दौंड
बाळंतपणाला माहेरी आलेय. शिरूरच्या शाळेतलं शिकवणं सुटलं, इथं नुसतं बसणं. घरामागं भीमेचं जुनं पात्र, पाणी साचून गवत माजलंय. आप्पांनी दाखवलं: गवत सारून ताटाएवढी मोकळी जागा, वर मोहरीसारखी पिवळी अंडी. मरळ माशाची. खाली जोडी राखणीला. मधेच एक वर येऊन हवा घेऊन जाते.

२७ जुलै
पिल्लं लालभडक. सगळी एका घोळक्यानं. पाण्यात कुंकू सांडल्यासारखं. बेडूक जवळ गेला, पाणी ढवळलं, बेडूक गायब. माझे पाय सुजलेत. आई फिरू देत नाही.

२ ऑगस्ट
मुलगी. दोघी ठीक. ह्यांना शिरूरला निरोप.

७ ऑगस्ट
दूध पुरत नाही. वरचं दिलं की ओकते. रडून रडून दमते. मावशी म्हणाली, मरळीचा रस्सा द्या बाळंतिणीला, दूध येईल. बाजारात मिळाली नाही. माझा भाऊ दत्तू गळ घेऊन उठला. पिल्लांवरची मरळ गळावर धावूनच येते म्हणे. आप्पांनी त्याला अडवलं. पिल्लांवरचा मासा त्यांनी जन्मात धरला नाही. दोघांची बोलाचाली. शेवटी आप्पा माझ्या खाटेशी आले.
"तू सांग. तू म्हनशील तसं."
पोरगी रडतच होती.
"एक धरा आप्पा. एक ऱ्हाऊ द्या."

८ ऑगस्ट
आप्पा स्वतः गेले, दत्तूला जाऊ दिलं नाही. आईनं चिरली, रस्सा केला. चव लागली. पुन्हा मागून घेतला, मग वाईट वाटलं.

१३ ऑगस्ट
पोरगी पोटभर पिऊन झोपते. रश्शानं की आपोआप, कोण जाणे. आप्पा रोज डबक्यावर जातात. आज विचारलंच. दुसरी राखणीला हाय म्हणाले, पन पिल्लं कमी झाल्यात.

१८ ऑगस्ट
हे येऊन गेले. पोरीचं नाक त्यांच्यासारखं, असं सगळे. मला अजून तसं दिसत नाही.

२६ ऑगस्ट
बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मागच्या दारी गेले. पिल्लांचा लाल रंग उतरलाय, अंगं काळसर. घोळका सैल. मोठा मासा दिसला नाही. आप्पा म्हणतात, आता ज्यानं त्यानं आपलं पोट भरायचं, एकमेकांनाबी सोडायची न्हाईत.

३० ऑगस्ट
नदी चढली. डबकं कुठं, नदी कुठं, काही कळत नाही. पोरीला घेऊन आप्पांजवळ उभी राहिले. धरली ती आई होती का बाप, विचारलं.
"वरनं वळखू येत न्हाई. चिरताना कळतं."
आई आत भाकरी थापत होती. तिथंच उभी राहिले. विचारायला आत गेले नाही.