आपोआप वाजलेली घंटा

सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

टण्ण — टण्ण — टटण्ण. दुपारच्या झोपेत पुन्हा तोच आवाज. तेरणेकाठच्या आमच्या शाळेत लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. तिच्या ठेक्यावर पोरं कविता म्हणायची. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ती कुणी न वाजवता वाजली. ऐकणारे दोघंच — मी आणि मुज्तबा. स्कॉलरशिपची पोरं तेव्हा शाळेतच झोपायला बोलवायचो, पहाटे अभ्यासाला उठवता यावीत म्हणून. त्या रात्री बाकीची गणपती बोळवून दमली होती. चौथीतला मुज्तबा तेवढा चादर घेऊन आला. जमीन थांबली तसा घराकडं पळाला. परत दिसला नाही. कुणी म्हणे गेला, कुणी म्हणे मामानं हैदराबादला नेला.

मंगळवार, ६ ऑगस्ट

कोचिंग क्लासचे मालक बजरंगराव म्हणाले, "गुरुजी, आग, भूकंप — क्लासच्या सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग हाय. चष्म्यातून." चष्मा कसला, डबाच. तो डोळ्यांवर बांधायचा आणि खोटा भूकंप बघायचा. खरा बघितलेल्यानं! मला तर वाटतं, म्हाताऱ्या रेक्टरला नापास करून काढायचा बेत आहे. ही गेल्यापासून वसतिगृहातली ही खोलीच माझं घर. लातूर सोडून जाऊ कुठं?

गुरुवार, ८ ऑगस्ट

झालं एकदाचं. आधी स्वयंपाकाची पारूबाई. डबा काढून भिंतीला टेकली. "तुमी जावा गुरुजी, भूकंपाला कविता म्हणून दावा." सगळे हसले.

चष्म्याच्या कंपनीकडून शिकवायला आलेल्या शिल्पाबाईंनी नियम सांगितला होता — आधी पोरं मैदानात, मग हजेरी.

डबा चढवला. समोर शाळेची खोली. सतरंजीवर पोरं. खिडकीत लिंब. आणि काही हलायच्या आधीच — टण्ण, टटण्ण. रूळच. कुणी न वाजवता.

पुढचं नीट आठवत नाही. पारूबाई सांगते, मी जागचा हललो नाही, आतच हजेरी घेत राहिलो. मोठ्यानं. "मुज्तबा... मुज्तबा शेख..." छत कोसळलं. डब्यातली सगळी पोरं गेली. नापास.

शिल्पाबाईंनी हात धरून खुर्चीवर बसवलं. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही कुठल्या शाळेवर होता?"

हिला कशाला हव्यात चौकशा? "हिमायतनगरला," म्हणालो. साफ खोटं. त्या बाहेर गेल्या. फोनवर बोलत होत्या, काचेतून माझ्याकडं बघत.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

घंटेचं यांना कुणी सांगितलं? इथल्या पोरांना मी कधीमधी शाळेच्या गोष्टी सांगतो. तेव्हा मोबाइल सुरूच असतात. बजरंगरावांनी त्यातूनच चोरून घेतलं असणार. माझंच दुःख डब्यात भरून मलाच नापास करायचं.

पण ती आपोआप वाजली, हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. लोक वेड्यात काढतील म्हणून.

शनिवार, १० ऑगस्ट

"उद्या खोलीवरच थांबा गुरुजी. कंपनीचे साहेब यायलेत, खास तुमच्यासाठी." बजरंगराव हसत होते. शेवटी आलंच. ट्रंक भरली. कवितांची पुस्तकं तळाशी.

रविवार, ११ ऑगस्ट

सकाळी कडी वाजली. ट्रंकेला कुलूप घालूनच दार उघडलं. चाळिशीचा माणूस, एक पाय ओढणारा. मागं शिल्पाबाई. "सामान तयार आहे, साहेब," मी म्हणालो. तो उंबऱ्याबाहेरच ताठ उभा राहिला, हात बाजूला घट्ट, चौथीतल्यासारखा.

"हजर, गुरुजी."