डावा बूट

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. ट्रेकचा डावा बूट शोधत बसू नका, तो माझ्याकडे आहे.

हिमालयासाठी पाठीवर सॅक घेऊन जिने चढायचा सराव झकास चाललाय, असं रोज सांगता. काल तिसऱ्या मजल्यावर छाती धरून बसला होतात, हे मात्र मला शेजारच्या वहिनींनी सांगावं? तिकडे बर्फात पाणी घेऊन धावायला वहिनी नसतील.

पित्त झालं असेल म्हणू नका. माझे बाबाही तसंच म्हणाले होते.

मी बूट घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जातेय. जेवलात की उजवा घेऊन तिथे या, आणि लिफ्टनेच उतरा. ते जा म्हणाले, तर दोन्ही बुटांच्या नाड्या मीच बांधून देईन. आलाच नाहीत, तर एका बुटात चढवेल तेवढा हिमालय चढा.