कोबीच्या वाफ्याला सातव्या वर्षाचा विसावा

द्रोबिन्का, एलुल महिना

ती. बेयलाताईस,

धाकट्या त्रायनाचा नमस्कार. तू आणि भावोजी एकशेवीस वर्षं जगा, येत्या नव्या वर्षी देवाच्या वहीत तुमची नावं चांगल्या पानावर चढोत. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? ओदेसाच्या बंदरावर उघड्या गळ्याने फिरत असणार, सांगून ऐकणारा माणूस नव्हे तो. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

आमच्या गेत्सलला सियोनचं वेड लागलंय हे तुला ठाऊकच आहे. नवरा माझा टोप्या शिवणारा माणूस. पण आपल्या लोकांनी बापजाद्यांच्या भूमीत जाऊन नांगर धरायचा, असं त्याचं मंडळ दर आठवड्याला माझ्याच टेबलाशी बसून ठरवतं. (नांगर एकानेही धरलेला नाही. अध्यक्ष मेंडल तर माझ्या शेळीला भिऊन मागच्या दाराने येतो.) चहा माझा, साखर माझी, भूमी त्यांची.

तर चालू वर्ष निघालं सातवं. त्या भूमीत दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, असं शास्त्र आहे. तिकडे गेलेल्या आपल्या लोकांत यंदा त्यावरून भांडणं लागलीत म्हणे, पेरावं की उपाशी राहावं. तिकडचे तिकडे भांडोत. पण वसंतात मी रोपं लावून उठते न उठते तोच गेत्सल नदीकाठच्या माझ्या कोबीच्या तुकड्यावर आला नि म्हणाला, "खुरपं ठेव. यंदा जमिनीला विसावा." मी म्हटलं, "जमीन त्या पोलिश जमीनदाराची, आपण भाड्याने कसतो. तिला कसला आलाय विसावा?" तर म्हणतो, आतापासून सवय करायला हवी. मी रब्बींकडे गेले. ते म्हणाले, हा नियम त्या भूमीपुरता, इथे लागूच होत नाही. त्यावर गेत्सल म्हणाला, रब्बींना स्वप्नंच पडत नाहीत. आता यात कोबीचा काय दोष? मी हाताने गवत उपटायला गेले तर हा वाफ्यात आडवा झाला. पन्नाशीचा माणूस, अंगात सणाचा काळा कोट, कोबीत आडवा. गाव बघायला जमलं. लाजायचं कुणीतरी, म्हणून मीच घरी आले.

बरं, सातव्या वर्षी जे आपोआप उगवतं ते कुणाचंच नसतं, ज्याला हवं त्याने न्यावं, असंही शास्त्रात आहे. हे कलम मंडळाने फार मनापासून पाळलं. सचिवाने काकड्या नेल्या, मेंडलच्या बायकोने बीट नेले, आणि वर मला म्हणते, "यंदा बीट जरा रेताड आहेत हो." कोबीपुरतं ते किड्यांनी पाळलं.

मग जमीनदाराचा कारभारी आला. कमरेएवढं गवत. गेत्सल त्याला समजावतो, आम्ही मूळचे शेतकरी, दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचे. कारभारी म्हणाला, "दिसतंय. गवत तेव्हापासूनच काढलेलं नाही." आणि तुकडा काढून डुक्करवाल्या ओसिपला दिला. वर सांगत सुटलाय, ज्यूंना जमीन कसायला नकोच असते. ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे राबतेय. टोप्यांवर आमचा हिवाळा निघत नाही, त्या तुकड्यावर निघतो. तळघरातली आंबवलेल्या कोबीची पिंपं आज रिकामी आहेत.

मंडळाने मात्र ठराव केला, गेत्सलने जमिनीसाठी जमीन सोडली, तेव्हा पहिला शेतकरी म्हणून त्यालाच तिकडे पाठवायचं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या कुणाचं नाव पुढे आलं नाही. काल मला हळूच विचारत होता, बटाटा जमिनीत कुठल्या अंगाने लावतात.

तुझी,
त्रायना

ता.क. तो ओदेसाला आला तर भावोजींनी त्याला बोटीवर चढू देऊ नये, पट्टा धरून परत पाठवावा. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

आणखी ता.क. वरचं खोडलंय असं समज, नवा कागद कोण घेतो. भावोजींनी बोटीचं भाडं दोघांचं विचारावं. इथे राहून ओसिपची डुकरं माझ्या वाफ्यात लोळताना बघत बसू? आणि तिकडून परतलेलं कुणी बंदरावर भेटलं तर त्याचं भाषण ऐकत बसू नका. एवढंच विचारा, शेतापासून विहीर किती लांब आहे. पाणी मलाच आणायचंय.