पालीची शेपूट आणि तुमचा पट्टा

बाबा, गेल्या महिन्यात बालाघाटच्या माझ्या जुन्या शाळेत माझं भाषण झालं आणि त्यात मी तुमचा पाय वापरला. वापरला हाच शब्द खरा. नागपूरच्या प्रयोगशाळेत आम्ही पेशींपासून कातडी वाढवतो, सांध्यातली कूर्चा वाढवतो. बशीत नखाएवढा तुकडा धड जगला तरी पेढे वाटतो. पण समोर टाळ्या वाजवणारी माणसं असली की माझी जीभ सैल सुटते. मी सांगितलं, उकव्याच्या खाणीत माझ्या वडिलांचा पाय गेला, ते जन्मभर खऱ्या पायाची वाट पाहत राहिले, म्हणून मी या कामात आले. पालीला शेपूट येते तसा माणसाला पाय येईल, तो दिवस आता दूर नाही, हेही ठोकून दिलं.

तुम्ही कसली वाट पाहताय! मला दिसतं ते उकव्याचं क्वार्टर, थंडीची सकाळ. तुम्ही चुलीपुढे पाटावर बसला आहात, लाकडी पायाचा कडक झालेला चामड्याचा पट्टा शेकून, तेल चोळून मऊ करताय. आई म्हणते, आज राहू द्या. तुम्ही म्हणता, "पायाची वाट पाहत बसलो तं पोरीले बालाघाटले कोण शिकवन?" आणि थोड्या वेळाने खट खट करत खाणीच्या हजेरी ऑफिसात निघता. बाकी या कामात मी आले ती डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून. तेव्हा किती रडले होते, तुम्हाला ठाऊक आहे.

काल बालाघाटला भावाकडे आले, तर ओसरीवर एक ऑटोवाला बसलेला. त्याची मुलगी त्याच शाळेत शिकते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली तिचा पाय गेलाय. माझं भाषण त्याने मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं.

"म्याडम, असली पाय येऊन राह्यला, मंग नकली काहून लावाचा? शिबिरात माप घेऊन राह्यलते, मी तिले नेलंच नाही. नागपूरले कधी आणू?"

पोरगी भिंतीला धरून एका पायावर उभी होती. 'बघू' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळून मी म्हटलं, "नाही भाऊ, तसा पाय आज कुठेच येत नाही. कधी येईल तेही मला सांगता येणार नाही. तिला आता मिळतो तो नकली पाय लावून घ्या, उशीर करू नका."

"मंग भाषणात काहून सांगतलं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चुकलं माझं, मी म्हणाले. जमिनीत गडप व्हावं असं वाटत होतं, पण पोरगी माझ्याकडेच बघत होती. म्हणून तिला तुमची खरी हकीकत सांगितली. पट्टा, चूल, तुमचं ऑफिस. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट्टा बांधला का दुखते का, म्याडम?"

मला ते ठाऊकच नव्हतं, बाबा. तुम्ही आता नाही, हे तुमच्या हाती पडणार नाही, म्हणूनच लिहायला धजते आहे. तुम्ही पायजमा वर करून पट्टा बांधायला घेतलात की मी माझी कपबशी उचलून अंगणात जायचे. मला किळस यायची. आणि तुम्हाला दुखतं का, हे मी एकदाही विचारलं नाही.