थोरल्या घराचा नमुना

उमरी, जि. नांदेड
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

चि. साखरा हिस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मला ते लिहवत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? लातुरात थंडी पडली का? इथे तूर शेंगांनी वाकली आहे, हरभऱ्याला घाटे धरायला लागलेत. आपल्या रामलिंगच्या लेकीची, साक्षीची सोयरीक मुखेडला जमली. मुलगा शाळेवर मास्तर आहे, माणसं बरी आहेत.

हे पत्र तू एकटीने वाच. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांब, पण सुनेला वाचायला देऊ नकोस. फोन करणार होते, पण तुझी सून फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापते आणि इथे रामलिंग सारखा घरात. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, त्यामुळे हात अजून चालतो.

माझ्या दिराचा, व्यंकटरावांचा सत्यम पुण्यात कॉम्प्युटरच्या कामावर आहे, हे तुला माहीत असेल. त्याने आता ढगे आडनावाचा एक प्रकल्प काढला आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत घालून पाठवायची. मग म्हणे कळतं, कोणते ढगे एका पुरुषाचे आणि कोण नुसते आडनावाचे. देगलूरचे, औशाचे, कुठकुठचे मिळून एकवीस जणांनी काड्या दिल्या. लोकांना काय, फुकटात मूळपुरुष मिळतोय तर कोण सोडतो. आमचं थोरलं घर, म्हणून रामलिंगच्या काडीशी बाकीच्यांची ताडून बघायचं ठरलं. मी म्हटलं, कशाला पाहिजेत असली थेरं? व्यंकटराव म्हणाले, वहिनी, थोरल्या घरानेच माघार घेतली तर लोक काय म्हणतील?

रामलिंगने सकाळी काडी फिरवली, नळी देवळीत ठेवली आणि मोटर चालू करायला रानात गेला. मी ती काडी चुलीत घातली. पाकिटात एक जास्तीची होती, ती माझ्या गालात फिरवून नळीत ठेवली.

हसू नकोस. माझ्या अडाणी डोक्याने मी बरोबरच विचार केला होता. आपली आई ढग्यांची लेक. मी मामाच्याच घरात दिलेली. म्हणजे ढग्यांचं रक्त माझ्यात खात्रीने आहे. काडी कुणाच्या गालातली, ते त्या मशिनीला काय कळणार?

कळलं. गेल्या गुरुवारी सत्यमचा फोन आला. "काकू, रामलिंगदादाचा नमुना बाईचा आलाय," म्हणाला आणि बराच वेळ हसला. त्याला वाटलं पाकिटांची अदलाबदल झाली. मग मला शिकवायला बसला. ही खूण फक्त बापाकडून मुलाकडे जाते, बाईत ती नसतेच. आईकडून नाक येतं, रंग येतो, चाल येते, पण ही खूण येत नाही. आता तो येळवसच्या अमावस्येला नवीन काडी घेऊन येतोय. भावकी सगळी आमच्या रानात जेवायला असते, तेव्हा पांडवांची पूजा झाली की कडब्याच्या कोपीसमोर, सगळ्यांच्या देखत रामलिंगच्या गालातून काडी फिरवणार. म्हणजे पुन्हा घोळ नको.

तीस तारखेला येळवस आहे. एकोणीस दिवस राहिले. गाडीचा हॉर्न वाजला तरी मी दचकते.

पंचेचाळीस वर्षं आपण दोघींनी हे तोंडातून काढलं नाही. आज कागदावर काढते. माझी पहिलटकरणीची लेक धर्माबादला, माहेरी, जन्मतानाच गेली. आईने उमरीला निरोप धाडला की अजून व्हायचंय. पंधरा दिवसांनी बोधनला मावशीकडे तू मोकळी झालीस, आठव्याच महिन्यात. आईने तो चिमणीएवढा जीव दुपट्यात गुंडाळून आणला आणि माझ्या कुशीत ठेवला. मी विचारलं, बाप कोण? आई म्हणाली, "इचारू नगंस. लेकरू पदरात घे आन् गप ऱ्हा." मी घेतलं. माझा पान्हा अजून आटला नव्हता. एवढंच सांगते, त्या दिवसापासून आजपर्यंत तो माझाच आहे.

म्हणून मला आधी एकच भीती होती. खूण जुळली नाही तर? येळवसचा पहिला नैवेद्य थोरल्या घराचा म्हणून रामलिंग ठेवतो. उद्या भावकीतलं एखादं पोर म्हणेल, तू कोण ठेवणार? साक्षीच्या सोयरिकीचं काय होईल? आणि रामलिंग माझ्याकडे वळून विचारेल, आई, मी कुणाचा? तर मी काय सांगू? मलाच माहीत नाही.

ही भीती होती तोवर बरं होतं असं आता म्हणायची पाळी आली.

सत्यमच्या फोननंतर दोन दिवसांनी मी रानात गेले होते. रामलिंग पाठमोरा बांधावरून चालला होता, डावा खांदा जरा खाली टाकून. मी क्षणभर ह्यांनाच बघितलं. हे जाऊन अकरा वर्षं झाली, साखरे. आजवर शंभर जणांनी म्हटलं असेल की पोरगं हुबेहूब बापावर गेलंय. मी मनात म्हणायची, जाणारच, तूही ढग्यांचीच भाची, मामाच्या घरचं नाक आलं असेल. त्या आडोशाला मी इतकी वर्षं राहिले. आता सत्यमच्या काडीने तो आडोसाच काढून घेतला. आईकडून आलेलं सगळं ती बाजूला ठेवते आणि फक्त बापाचं सांगते.

जुळलं नाही तर रामलिंगचं कसं होईल याची भीती आहे. पण जुळलं तर? भावकी टाळ्या वाजवेल, व्यंकटराव पेढे वाटतील आणि त्या गर्दीत मला एकटीला कळेल.

मग एकेक आठवायला लागलं, ते थांबेना. बारशाला हे धर्माबादला आले तेव्हा पोराला हातात घेऊन खाली बघत बसले. पोर एवढं बारीक का, उशीर का झाला, एक प्रश्न नाही. तुझं नाव आमच्या घरात त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. तू रामलिंगच्या लग्नाला आली नाहीस. मला वाटायचं, पोटचा दिला म्हणून तुला माझा राग असेल. हे गेले तेव्हा मात्र लगेच आलीस. उंबऱ्याबाहेर बसलीस, रडली नाहीस, आमच्या घरचं पाणी घेतलं नाहीस आणि मुदखेडहून दुपारच्या गाडीने परत गेलीस. मी बायांना सांगितलं, ती पहिल्यापासून तशीच आहे, विक्षिप्त.

आणखी एक आहे. ते लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते, पण तेवढंच लिहायला हा कागद घेतला असं आता वाटतंय.

मला तिसरा महिना होता. पोटात पाणी ठरत नव्हतं, म्हणून मीच तुला हाताखाली बोलावून घेतलं. अठरा वर्षांची होतीस. पहिले पंधरा दिवस घर हसतं ठेवलंस. मग एक दिवस मी ओट्यावर पडलेली असताना तू कडब्याच्या गंजीकडून आलीस, माझ्या पायापाशी बसलीस आणि म्हणालीस, "आक्का, मला घरी धाड. मला हितं न्हाई राह्यचं."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. "कामाचा कंटाळा आला व्हय? आठ दिस थांब, मंग जा."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या ओठाच्या कोपऱ्यावर ओरखडा होता, साखरे. मी तो पाहिला. कडब्याचं धसकट लागलं असेल असं मनाशी म्हटलं आणि कूस बदलली. आणि तुला आणखी आठ दिवस त्याच घरात ठेवून घेतलं.

त्या आठ दिवसांत काय झालं हे विचारायची माझी लायकी नाही. तरी भीती वाटते ती त्याचीच. त्या काडीत ह्यांचं नाव निघेल, आणि खरं तर मलाही त्या दिवशीच कळलं होतं, हे निघेल. मेलेल्या माणसाला काय विचारणार? माझंच मला विचारायचं आहे आणि मी आत्तापर्यंत टाळलं.

आता कामाचं लिहिते. ही गोष्ट ढग्यांची नाही, माझी नाही, रामलिंगचीही नंतर. आधी तुझी आहे. तेव्हा तुला कुणी विचारलं नाही. मी विचारते. काडी फिरवू द्यायची का नाही, ते तू सांग. नको म्हणालीस तर मी भर रानात भावकीसमोर आडवी पडेन, पण त्याच्या गालाला हात लावू देणार नाही. लोक मला येडी म्हणतील, म्हणू देत. आणि होऊ दे म्हणालीस, तर जे निघेल ते रामलिंगला मी माझ्या तोंडाने सांगेन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. ह्यांना वाचवायलाही जाणार नाही.

कारण लिहू नकोस. एक शब्द धाड, 'हो' किंवा 'नको'. उत्तरच आलं नाही, तर ते 'नको' असं समजेन. आणि या खेपेला तुझा शब्द ऐकेन.

आक्का म्हणून खाली सही करायला हात धजत नाही.

तुळजा